कमी पडायला नको

पाच गोळ्या पुरतात, असं आमच्या भाऊजींचं एके काळी ठाम मत होतं. पांडव तरी किती होते, असं ते वर विचारायचे. तेव्हा त्यांच्याकडे स्मिथ अँड वेसनचं पाच घरांचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं. पँटच्या खिशात बसायचं, रुमालाइतकीही अडचण करायचं नाही. मग एका रात्री, जेवणानंतर हात धुताना, त्यांच्या लक्षात आलं की कौरव शंभर होते. तिथून त्यांची झोप गेली.

भाऊजी मूळचे सांगलीकडचे, आता ह्यूस्टनच्या एका उपनगरात असतात. सांगलीत असेपर्यंत त्यांची मजल दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे गेलेली नव्हती. घराण्यात एक बाराबोर होती, पण ती चुलत्यांची. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर धूळ खाऊन परत यायची. काडतुसं किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती विकत घ्यायची, तो आकडा परवान्यावरच लिहिलेला. त्यामुळे चुलत्यांना या विषयावर विचार करण्याची वेळ कधी आली नाही. सरकारनं त्यांच्या वतीनं केला होता.

टेक्सासमध्ये तसं नाही. एच-१बी व्हिसावर असताना साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, म्हणून ती वर्षं भाऊजींनी नुसती वाचनात काढली. ग्रीन कार्ड आलं आणि दार उघडलं. १ सप्टेंबर २०२१ पासून तर तिथं एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला कमरेला पिस्तूल लावायला परवानाही लागत नाही. भाऊजींनी तरी काढलाच. कागद असलेला बरा. पण त्या कागदावर काडतुसांचा रकाना नाही. पाच न्या, पन्नास न्या, तुमचं तुम्ही बघा. मध्यमवर्गीय मराठी माणसाला 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणं म्हणजे त्याला छळणंच.

भाऊजींचं गणित लग्नातल्या आचाऱ्याचं आहे. यादीत दोनशे पानं असली तरी तो अडीचशेचा शिधा मागतो. ऐनवेळी वऱ्हाडाची आणखी एक जीप आली तर? उरलं तर वाटून टाकता येईल, कमी पडायला नको. फरक एवढाच, की आचाऱ्याचे पाहुणे खरे असतात.

रिव्हॉल्व्हर गेलं आणि सिग पी-३६५ आलं. २०१८ साली हे पिस्तूल बाजारात आलं ते या मंडळींच्या दुखण्यावर औषध म्हणूनच: तळहाताएवढा जीव आणि पोटात दहा गोळ्या, वर चेंबरमध्ये एक. अकरा. भाऊजी काही महिने प्रसन्न होते. मग त्यांनी पाटी काढली. हल्लेखोर समजा तीन. एकेकाला आडवं करायला दोन गोळ्या, म्हणजे सहा. पण खऱ्या चकमकीत शिकलेल्या पोलिसांचेही निम्म्याहून जास्त नेम चुकतात, मग भाऊजींचे किती चुकतील? (हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला. त्यांच्यातला हा प्रामाणिकपणा मला आवडतो.) बारा झाल्या. हात थरथरतील, चार वाढवा. सोळा. दुसऱ्याच आठवड्यात ग्लॉक १९ आलं: पंधरा अधिक एक.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण सोळा हातात आल्यावर हल्लेखोर चार झाले. हे मी बारकाईनं पाहिलेलं आहे: भाऊजी आधी गोळ्या वाढवतात आणि मग त्यांना काम मिळावं म्हणून दरोडेखोर आणतात. पाच गोळ्यांच्या काळात एक भुरटा चोर होता. अकराला तो दोन मित्र घेऊन आला. आता त्यांची एक टोळी आहे, एका टोळीवाल्याजवळ रायफल आहे, आणि ही सगळी माणसं कोथिंबीर आणायला गेलेल्या भाऊजींची इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये वाट पाहत उभी असतात.

जुनी मंडळी एक सूत्र सांगतात: तीन यार्ड अंतर, तीन गोळ्या, तीन सेकंद, सामान्य माणसावर प्रसंग आलाच तर तो एवढ्यात संपतो. भाऊजी या सूत्राला नमस्कार करतात आणि मायामीकडे वळतात. ११ एप्रिल १९८६. एफबीआयचे आठ एजंट, समोर दोन बँक लुटारू, पाच मिनिटांच्या आत शंभराहून जास्त गोळ्या. दोन्ही लुटारू मेले, पण त्याआधी दोन एजंट गेले. लुटारूंपैकी एकाला सुरुवातीलाच लागलेली गोळी हृदयाच्या जरा अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. हे सगळं खरं आहे, वाचून अंगावर काटा येतो. "पण भाऊजी," मी म्हटलं, "ते त्यांचा पाठलाग करत होते. तुम्हाला बँक लुटारूंचा पाठलाग करायचाय का?" "मी नाही रे करणार," भाऊजी म्हणाले, "पण त्यांनी माझा केला तर?"

मायामीनं भागलं नाही की स्कोकी येतं. शिकागोजवळच्या या गावात २००८ मध्ये एका पोलिसाला एका संशयिताशी एकट्यानं झुंजावं लागलं. मिनिटभरात त्यानं तेहेतीस गोळ्या झाडल्या, त्यातल्या सतरा लागल्या, तेव्हा कुठं समोरचा थांबला. त्यानंतर तो पोलीस रोज १४५ गोळ्या अंगावर बाळगू लागला. भाऊजी हा आकडा अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. मी मोबाइलवर हिशेब केला. नऊ मिलिमीटरचं काडतूस साधारण बारा ग्रॅमचं; १४५ म्हणजे पावणेदोन किलो, मॅगझिनचं वजन वेगळं. "तो गणवेशात असतो," मी म्हटलं, "त्याचा पट्टा तेवढ्यासाठीच असतो. तुमची पँट राहील का?"

राहिली नाही. म्हणून दुहेरी चामड्याचा खास पट्टा आला, तो पोटात रुतू लागला म्हणून पट्ट्याच्या मदतीला गॅलस आले. सध्या एक पिस्तूल आणि दोन जादा मॅगझिनं, एकूण शेहेचाळीस, असा तह झालेला आहे. न्यायानं सांगायचं तर जादाचं पहिलं मॅगझिन मला पटतं. अशा पिस्तुलात बिघाड झाला तर बऱ्याचदा मॅगझिनचाच असतो. ते काढून दुसरं घालणं हा सरळ उपाय आहे. दुसऱ्या जादा मॅगझिनचं कारण विचारलं तर भाऊजी पहिल्याकडे बोट दाखवतात.

ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात सगळं गाव बनियनवर येतं तेव्हा भाऊजी बाहेर सोडलेल्या ढगळ शर्टात असतात, कमरेचा उंचवटा दिसू नये म्हणून. कुर्त्याइतकं सोयीचं वस्त्र नाही, हे भारतीय संस्कृतीबद्दलचं त्यांचं अलीकडचं मत. पण सोवळ्याला कंबरपट्टा नसतो, म्हणून सत्यनारायणाला यजमान होणं त्यांनी सोडलं. होल्स्टर बेंबीच्या किंचित उजवीकडे असल्यानं मांडी घालून बसलं की नळी नको तिकडे रोखली जाते. त्यामुळे ते प्रसादाला खुर्चीवर बसतात आणि गुडघ्याला दोष देतात.

गणपती शाळेच्या सभागृहात बसतो. शाळेत शस्त्र नेणं टेक्सासमध्येही गुन्हा आहे, म्हणून आरतीपूर्वी गाडीत निःशस्त्रीकरण चालतं आणि 'सुखकर्ता' अर्धी होऊन जाते. काही दुकानांच्या दारावर ३०.०६ या कलमाची पाटी असते: लपवलेलं शस्त्र घेऊन आत येऊ नये. त्याच आकड्याचं एक प्रसिद्ध रायफलचं काडतूसही आहे, हे भाऊजी प्रत्येक पाहुण्याला पाटीसमोर उभं करून सांगतात. अशा दुकानांत ते जात नाहीत. ताई जाते, आणि तिथंच वाणसामान स्वस्त मिळतं.

त्यांना खरोखर गप्प करणारा प्रश्न ताईनंच विचारला होता. पाटीवरची बेरीज पाहून ती म्हणाली, "अहो, निम्म्या चुकणार म्हणता, त्या जाणार कुठे?" पार्किंगमध्ये बाबागाड्या असतात, पाणीपुरीच्या गाड्यासमोर रांग असते. भाऊजींच्या नेमबाजीच्या शिक्षकांनीही वर्गात सांगितलं होतं की झाडलेल्या प्रत्येक गोळीबरोबर एक वकील जातो. त्या रात्री भाऊजी रेंजवर गेले आणि आजही आठवड्याला जातात. नेम सुधारलाय, मी लक्ष्याचे कागद पाहिलेत. नेम सुधारला तर गोळ्या कमी लागतील, हे मात्र त्यांच्या पाटीवर अजून आलेलं नाही.

मध्यंतरी दोघं ग्रँड कॅन्यनला निघाले. ॲरिझोनात परवाना लागत नाही आणि राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र नेता येतं, हा अभ्यास भाऊजींनी तिकिटांच्या आधी केला होता. विमानात पिस्तूल रिकामं करून, कडक कुलपी पेटीत घालून, काउंटरवर सांगून सामानात द्यायचं. आणि काडतुसं? माणशी पाच किलोपर्यंत, असं विमान कंपनीच्या नियमात होतं. भाऊजींनी ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी आकडा सांगितला होता. पाच किलो म्हणजे चारशेच्या वर! त्यांनी त्याच दिवशी खोकी आणली.

बॅग काट्यावर ठेवली तर तेवीस किलोच्या मर्यादेपेक्षा तीन किलो जास्त. बॅगेत एकीकडे काडतुसं, दुसरीकडे ताईचा पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी.

"चार दिवसांना एवढा चिवडा?" भाऊजी म्हणाले.

"वाटेत कुणी भेटलं तर? कमी पडायला नको."

भाऊजी या युक्तिवादासमोर हतबल झाले. तो त्यांचाच होता. त्यांनी मुकाट्यानं खोकी बाहेर काढायला सुरुवात केली, शेहेचाळीसवर येऊन थांबले आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत म्हणाले, "लसणाची चटणी घेतलीस का?"