टोरांटोची गटारी

स्कारबरो, टोरांटो
5 ऑगस्ट 2024, श्रावणी सोमवार

 

आई, माझा उपास कडक चालू आहे. फ्रीजमध्ये जर्क चिकनचा डबा आहे, तेवढं वाचून सोडून दे.

काल गटारी. शनिवारी इथे कॅरिबियन कार्निव्हलची मिरवणूक होती आणि आज शहराला सुट्टी, त्यामुळे गल्लीभर धूर. शेजारच्या आजी जमैकातल्या पोर्टलंडच्या. कोंबडीला चिरा देऊन त्यांनी आदल्या रात्रीच मसाल्यात मुरवली होती: पातीचा कांदा, आलं, लसूण, थाइम, जायफळ, सोया सॉस, लिंबू, आणि मूठभर ऑलस्पाइस. बाबा, गुहागरच्या परसात ज्याची पानं आई पुलावात टाकते ना, त्याच झाडाची ही फळं, हिरवी तोडून वाळवलेली. यात नर-मादी झाडं वेगळी असतात म्हणे. आपलं बिचारं एकटंच, फळणार कुठून? तिकडे निखाऱ्यावरही याचीच लाकडं घालतात आणि झाकण लावून मंद धुरात तासभर तरी भाजतात. आपल्यासारखं दर दोन मिनिटांनी उलथापालथ केलेली आजींना चालत नाही.

हा जर्कचा प्रकार मूळ जमैकातल्या मरून लोकांचा. मळ्यांतून पळून डोंगरात गेलेले गुलाम, रानडुक्कर असं मसाला लावून भाजायचे. बाबा, तुम्हाला आवडेल: ज्या वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच 1739 साली इंग्रजांना नाक मुठीत धरून या लोकांशी तह करावा लागला.

मिरचीचं राहिलंच. स्कॉच बॉनेट. दिसते सिमला मिरचीच्या नातवंडासारखी, पिवळी, गुबगुबीत. तुमचे जावई म्हणाले, "आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला काय सांगता!" पहिल्या तंगडीनंतर ते गप्प झाले. दुसरीनंतर कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. धूर डोळ्यांत गेला म्हणे. वारा उलट्या दिशेचा होता. मुलांनी मात्र वरचा काळा पापुद्राही सोडला नाही.

दादा, फोनवर तू मुलांच्या आधी कोंबडीच्या आतलं तापमान विचारलंस. 74 अंश. थर्मामीटर खुपसून पाहिलं. पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवणाऱ्या भावाची बहीण आहे मी.

बाबा, तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राचे फोटो पोचले. तिथे एवढ्या वाटसरूंना जेवू घालणारे तंजावरचे सरफोजी राजे स्वतःही खवय्येच असणार. त्यांच्या 'शरभेंद्र पाकशास्त्रा'त मराठी सामिष पदार्थांशेजारी इंग्रजी पदार्थही आहेत म्हणे. आजींची कृती हाती लागती, तर मोडीत उतरवून घेतली असती त्यांनी.

आता उरलेल्या डब्याचं. जावयांचं म्हणणं असं, की टोरांटो भारताच्या साडेनऊ तास मागे, म्हणजे श्रावणही इथे साडेनऊ तास उशिरा लागणार. सकाळी सहापासून मोजलं, तर आज दुपारी साडेतीनपर्यंत गटारीच. बाबा, पंचांग बघून लगेच कळवा. सव्वादोन वाजलेत, आणि ते फ्रीजपाशीच घुटमळताहेत.

तुमची,
सुमी