खडखड, कटकट आणि गुहागर

पिरंगुटच्या गतिरोधकावर गाडीने ‘टक्’ केलं आणि आतल्या चौघांनी चार निदानं केली. काका म्हणाले, शॉकअप गेला. मेव्हण्यांनी स्टिअरिंगचा रॅक गेला असं जाहीर केलं. त्यांच्या साहेबांच्या गाडीचा रॅक एकदा गेला होता आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक गाडीत रॅकच जाताना दिसतो. पुतण्या मोबाइलमधून मान वर न काढता ‘बुश’ एवढंच म्हणाला. पुढे बसलेल्या काकू म्हणाल्या, “अहो, डिकीत काहीतरी वाजतंय.” हे निदान फारच स्वस्तातलं असल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

गणपतीला गुहागर गाठायचं होतं. रस्ता ताम्हिणीचा, गाडी बारा वर्षांची आणि पाऊस तुफान. पहाटे निघताना ब्रेकही खरखरले होते, पण चांदणी चौक येईपर्यंत ते गप्प झाले. त्याचं श्रेय काकांनी आपल्या ड्रायव्हिंगला दिलं. खरं तर ब्रेकची डिस्क असते ओतीव लोखंडाची. एका पावसाळी रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि चार-दोनदा ब्रेक दाबले की पॅड तो खरवडून काढतात. त्यात काकांचं कर्तृत्व काही नाही.

ताम्हिणीत वळणं सुरू झाली आणि डिकीतून ‘खण्ण’ आलं. भर पावसात गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली, तर साडीत गुंडाळलेली पूजेची भांडी सुटून जॅकवर आपटत होती. “ताम्हिणीत ताम्हण वाजलं,” एवढं बोलून काकू खिडकीबाहेरचे धबधबे पाहू लागल्या. जुने मिस्त्रीही सुरुवात इथूनच करतात. आधी डिकी रिकामी करा, जॅक, पाना, स्टेपनी घट्ट बसवा, मग सस्पेन्शनला नावं ठेवा. भांडी पुतण्याच्या मांडीवर आली. ‘टक्’ तरीही राहिलंच, शिवाय उतरताना घट्ट वळणावर नवं ‘कट-कट-कट’ सुरू झालं.

माणगावात गॅरेज सापडलं. तिथे काका, मेव्हणे आणि पुतण्या आवाज कुठून येतो हे एकदमच सांगू लागले. मिस्त्री लुंगीच्या टोकाला हात पुसत म्हणाला, “कुठून ते मी बघतो. कधी येतो ते सांगा.”

यावर तिघेही गप्प. आवाज कुठून येतो हे प्रवाशांना विचारण्यात अर्थ नसतो, कारण पत्र्यातून तो कुठल्या कुठे पोचतो. पुढच्या चाकाची कुरकुर मागच्या सीटखाली ऐकू येते. ‘कधी’चं उत्तर मात्र सहसा फसवत नाही. खड्ड्यावर की वळणावर? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? वेगाबरोबर वाढतो का? शेवटी काकूंनीच सांगितलं, “बारीक खड्ड्यावर टक् होतं, मोठ्यावर नाही. आणि चाक पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की कटकट.”

मिस्त्री गोणपाटावर आडवा झाला आणि गाडीखाली हात घालून त्याने लिंक रॉड हलवला. टक्! वळणावर गाडी कलू नये म्हणून जी दांडी असते, तिला सस्पेन्शनशी जोडणारा हा हातभर लांबीचासुद्धा नसलेला रॉड. त्याच्या टोकांचे गोळे झिजले की बारीकसारीक खड्ड्यावर बोंब मारतात. मग जॅक लावून चाकाला डावी-उजवीकडून धरून हिसका दिला. टाय रॉड आणि रॅक दोन्ही निर्दोष सुटले. मेव्हण्यांचा चेहरा उतरला. वर-खाली धरून हलवलं. बेअरिंग आणि बॉल जॉइंटही ठीक. शेवटी मिस्त्रीने रिमच्या आतल्या बाजूने बोट फिरवून काकांच्या नाकासमोर धरलं. काळंकुट्ट ग्रीस! ॲक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला होता. चाक फिरताना ग्रीस बाहेर उडत होतं आणि पावसाची माती आत शिरत होती.

“नुसता बूट बदलून भागेल ना?” काकांनी काटकसरीचा प्रस्ताव मांडला.

“कटकट सुरू व्हायच्या आधी आला असतात तर भागलं असतं.”

दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तिथेच बदलले. जॉइंट माणगावात मिळेना. चिपळूणपर्यंत फुल कट मारून रेस करायची नाही, अशी तंबी मिळाली.

पोलादपूर ओलांडून गाडी कशेडीच्या बोगद्यात शिरली. हा बोगदा वेळ वाचवतो हे सगळे सांगतात, पण तो कान तपासायलाही उत्तम, हे कोणी सांगत नाही. भिंतीवर आपटून चाकांचा आवाज उघड्या खिडकीतून थेट आत येतो. काच खाली केली आणि नवीन ‘चीं… चीं…’ ऐकू आली. ब्रेक दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. ब्रेक दाबल्यावर थांबते म्हणजे ब्रेकचा काही संबंध नाही, असा निकाल मेव्हण्यांनी तत्काळ दिला. बहुतेकदा तो नेमका उलटा असतो. पुष्कळ पॅडना एक छोटी पोलादी पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते आणि ब्रेक दाबल्यावर दबून गप्प बसते. तिचं ऐकलं तर पॅडवर भागतं. नाही ऐकलं, तर लोखंडावर लोखंड घासून डिस्कचंही वाटोळं होतं.

चिपळूणच्या गॅरेजात जुने पॅड निघाले तेव्हा त्यांच्यावर जेमतेम दोन मिलिमीटर मसाला उरला होता. नव्यावर तो साधारण दहाच्या आसपास असतो. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, जॉइंटही पडला. नवा जाड पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे दाबावा लागतो. त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करून घ्यायचं. गॅरेजातल्या पोऱ्याने हे दोनदा ओरडून सांगितलं, पण काका तेव्हा बिलातल्या बेरजेत बुडाले होते.

गाडी सुरू झाली आणि समोरच्या चहाच्या टपरीकडे शांतपणे निघाली. काकांनी ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला, गाडी चालूच. बाकड्यावरची मंडळी ग्लास घेऊन उठली. काकूंनी वाती वळायला घेतलेला उजव्या हातातला कापूस डाव्या हातात घेतला, हँडब्रेक खेचला आणि गाडी बाकड्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

“आता पंपिंग करा,” पोऱ्या धावत येत म्हणाला.

टपरीवाल्याने उठलेल्या मंडळींच्या सहा चहांचे पैसे काकांच्या नावावर लावले.