पहिली रांग

पैसे मोजून चारचौघांत स्वतःचा पाणउतारा करून घ्यायचा, अशी सोय आमच्या तरुणपणी नव्हती. ते काम घरची मंडळी फुकटात करत. आता त्याचं तिकीट निघतं, आणि पहिल्या रांगेचं सगळ्यात आधी संपतं. स्टँडअपच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलं की काय होणार, हे पक्कं ठाऊक असतं. तो पोरगा माइक घेऊन पुढे वाकणार, "दादा, काय करता?" म्हणून विचारणार, आणि दादा जे काही करत असतील त्याची भरल्या सभागृहात सालं काढणार. दादा त्यासाठीच आलेले असतात. इस्त्रीचा शर्ट घालून.

याला क्राउडवर्क म्हणतात, हे मला भाच्याने सांगितलं. तो या धंद्यात आहे, म्हणजे दिवसा नोकरी आणि रात्री ओपन माइक. ओपन माइकला मी एकदा गेलो होतो. कॅफेच्या मागची खोली, एक माइक, एक स्टूल, त्यावर पाण्याची बाटली. प्रत्येकाला पाच मिनिटं. चार झाली की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो, म्हणजे आवरा. समोर वीसेक माणसं आणि त्यातले निम्मे आपला नंबर कधी येतो म्हणून बसलेले कॉमेडियनच. ते हसत नाहीत. फार तर "चांगलं आहे" म्हणतात, तेही श्राद्धाच्या जेवणाला म्हणावं तशा आवाजात.

धंद्याचं गणितही भाच्यानेच समजावलं. तासाभराचं मटेरियल बांधायला वर्ष-वर्ष जातं. ते इन्स्टाग्रामवर टाकलं की जळालं. पुढच्या प्रयोगाला लोक याच्या आधी पंच म्हणून मोकळे होतात. पण काहीच टाकलं नाही तर ओळखणार कोण? मग तोडगा असा निघाला, की लिहिलेला विनोद झाकून ठेवायचा आणि प्रेक्षकांशी झालेली चकमक तेवढी कापून टाकायची. ती त्या रात्रीपुरतीच असते, त्यामुळे जळायची भीती नाही. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि पंधरवड्याच्या आत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणलं, ते या लोकांच्या चांगलंच पथ्यावर पडलं. उभा व्हिडिओ, खाली पिवळी अक्षरं, मिनिटभरात खेळ खलास.

"रील बघून लोक तिकीट काढतात, मामा."

"आणि तिथे येऊन काय बघतात?"

"पुढच्या रीलमध्ये आपण येतोय का ते."

विनोद करणारा काही फार बदललेला नाही, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत. प्रेक्षकाला कोटी मारणं हा शोध यांचा नव्हे. तमाशातला सोंगाड्या तेच करत आला, आणि 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके गावोगावच्या प्रयोगांत ताज्या घडामोडी अशा घुसवत, की तेच नाटक लोक पुन्हा पुन्हा बघायला जात. बदलला तो समोरचा माणूस. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे 52 पात्रं उभी करायचे. पु. ल. 'बटाट्याच्या चाळी'तले सगळे चाळकरी स्वतःच्या खांद्यावरून रंगमंचावर आणत. आपण फक्त बसून हसायचं. आता कॉमेडियन मोकळ्या हाताने येतो आणि पात्रं आपली आपण घरून न्यायची असतात.

पु. लं.चा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ते गेले 12 जून 2000 ला. व्हॉट्सॲप आलं 2009 साली. तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते रोज सकाळी साडेसहाला नवा विनोद पाठवतात. लॉकडाऊनवर पाठवले, ऑनलाइन शाळेवर पाठवले, मध्यंतरी यूपीआयवरही एक आला. 2018 मध्ये कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, पण स्वर्गाला ती लागू नसावी.

तर पहिली रांग. भाच्याच्या एका मित्राचा कार्यक्रम होता आणि फुकट पास पहिल्या रांगेचा निघाला. शेजारी एक तरुण जोडपं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांची तालीम चालली होती.

"विचारलं तर नुसतं आयटी म्हणू नकोस हां. आयटी सगळेच असतात."

"मग काय म्हणू?"

"हिंजवडी म्हण. हिंजवडीला हसतात."

हे खरं आहे. पुण्यात काही शब्दांना विनोदाची गरजच नसते. हिंजवडी, सदाशिव पेठ, एचआर. कॉमेडियनने नुसता उच्चार केला की हशा ठरलेला. त्यांचे प्रश्नही ठरलेले: कुठले, काय करता, लग्न झालंय का. इंद्रायणी एक्स्प्रेसमध्ये शेजारची काकू लोणावळा यायच्या आत हेच तीन प्रश्न विचारते, पण तिच्याकडे कॅमेरा नसतो.

दिवे मंदावले, मुलगा आला, त्याने पहिल्या रांगेवरून नजर फिरवली. जोडप्याने पाठ ताठ केली. मुलीने केस मागे घेतले. आणि तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काका, काय करता?"

"रिटायर झालो. विमा कंपनीत होतो. क्लेम डिपार्टमेंट."

"म्हणजे माणूस गेला की घरच्यांना पैसे द्यायचात?"

"नाही. न देण्याबद्दल पगार घ्यायचो."

मी विनोद केला नव्हता. ते माझ्या कामाचं शक्य तितकं नेमकं वर्णन होतं. पण सभागृह कोसळलं. तो मुलगा हसून स्टुलावर बसला आणि पुढे रात्रभर मला सोडेना. लग्नावर बोलला, की "काका, हा क्लेम बसतो का?" ट्रॅफिकवर बोलला, की "काका, इथे मेलो तर?" मी आपला कलम आठवून खरी उत्तरं देत होतो. मी जितका गंभीर होत गेलो, तितके लोक वेडे होत गेले. हिंजवडीकडे शेवटपर्यंत कुणी वळूनही पाहिलं नाही. मध्यंतरात ती मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर आम्ही तिसऱ्या रांगेचं स्वस्त तिकीट काढलं असतं." आवाजात फसवणूक झालेल्या पॉलिसीधारकाची छटा होती. मला ती चांगली ओळखता येते.

चार दिवसांनी रील आलं. सोसायटीचे सेक्रेटरी, जे मला एरवी फक्त पार्किंगवरून ओळखतात, ते लिफ्टमध्ये "न देण्याबद्दल पगार!" म्हणून टाळी मागू लागले. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्रांनी गाठून "काका, एक होऊन जाऊ दे" केलं. मी पुन्हा कलम सांगितलं, पण कॅमेऱ्याशिवाय ते नुसतंच कलम राहतं. मुलं पनीरच्या रांगेकडे वळली.

खरी पंचाईत घरात झाली. माझी थोरली बहीण, अक्का, म्हणजे या भाच्याची आई. भाचा स्टेजवर तिच्यावर विनोद करतो म्हणून तिने त्याच्याशी दोन महिने अबोला धरला होता. आता तिचा फोन आला.

"लेकाने माझ्यावर वीस मिनिटं बोलायचं, आणि व्हिडिओत मात्र तू?"

"अक्का, ते ठरवून नव्हतं."

"ते राहू दे. पुढच्या शनिवारी मला पहिल्या रांगेचं तिकीट काढ. मधली खुर्ची."

"काढतो. पण तो विचारेल, काय करता म्हणून."

"गृहिणी म्हणेन."

"त्यात कोणी हसत नाही, अक्का."

"मला ठाऊक आहे. म्हणून पुढे लगेच सांगणार, विमेवाल्याची बहीण आहे. मग आठवीत तू कितव्यांदा बसला होतास तिथपासून सुरू करते. फक्त त्या पोरांना सांगून ठेव, मागून टॉर्च-बिर्च दाखवायचा नाही."