केबीमामा

घोटी ही भाताच्या गिरण्यांची पेठ. इथे वजन क्विंटलात बोलतात. अपवाद एकच, आमचे केबीमामा. ते नेमके कुणाचे मामा, हे मामींनाही सांगता येणार नाही. पण गावातल्या निम्म्या पोरांचे फोटो त्यांनी बारीक करून दिलेत, तेव्हा नातं लागतंच.

बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो लागतो २० ते ५० केबीचा आणि सही १० ते २० केबीची. बाहेर धो धो पाऊस, उद्या शेवटची तारीख, आणि पोरगं पाच एमबीचा फोटो घेऊन मामांच्या ओट्यावर. मामा चेहऱ्याकडे बघतच नाहीत, आकड्याकडे बघतात. "एवढा जाड?" म्हणतात. पोरगं उगाच पोट आत घेतं.

पण मामांचा खरा हंगाम नवरात्रातला, लोक कळसूबाईच्या शिखरावर देवीला जातात तेव्हाचा. कळसूबाई १६४६ मीटर उंच, आणि चढणारा प्रत्येक जण जणू मीटरमागे एक फोटो काढतो. गेल्या वर्षी आम्ही पाच जण गेलो आणि ६४० फोटो घेऊन उतरलो. एकेक पाच एमबीचा, म्हणजे तीन जीबीच्या वर. त्यातल्या सव्वाशे फोटोंत नुसतं धुकं. ग्रुपवर टाकायचे म्हणून मी एकेक उघडून लहान करत बसलो होतो. अकराव्या फोटोला मामा मागे येऊन उभे राहिले.

"भातही असाच एकेक दाणा सोलून खातोस का रे?"

मला उठवून ते खुर्चीत बसले आणि इरफानव्ह्यू उघडलं. हे १९९६ साली इरफान श्किल्यान नावाच्या बोस्नियन तरुणाने बाहेर काढलेलं सॉफ्टवेअर, घरगुती वापराला फुकट. मामा त्याला 'आपला इरफान' म्हणतात. तो इगतपुरीचा असावा असा ओट्यावर समज आहे, आणि मामांनी तो कधी खोडलेला नाही. त्यांनी 'बी' दाबलं, गिरणीच्या हौदात पोतं ओतावं तशा सगळ्या फायली आत ओतल्या, लांब बाजू १६०० पिक्सेल लिहिली, क्वालिटी ८०.

"याच्या फार खाली गेलास की कणी पडते."

खरंच पडते. जेपेग फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून ते दाबतं. फार दाबलं की तेच चौकोन निळ्या आभाळात दिसायला लागतात. मोबाइलवर बघायला १६०० पिक्सेल रगड झाले. चहा येईपर्यंत तीन जीबीचे अडीचशे एमबी झाले. मामांनी कपाळावरचा घाम पुसला. काम सगळं कॉम्प्युटरने केलं होतं आणि डोक्यावर पंखा चालू होता, पण कारागिराला घाम पुसावाच लागतो.

धुक्याचे सव्वाशे फोटोही त्यांनी तितक्याच मायेने बारीक केले. ते आधी काढून टाकावेत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

'फायली कुठे ठेवायच्या' या चौकटीपाशी मात्र मामांचा हात अजून थांबतो. भाचीच्या लग्नाचे बाराशे फोटो त्यांनी उत्साहाच्या भरात ६४० पिक्सेलचे केले, आणि तेही वेगळं फोल्डर न करता, थेट मूळ फायलींवरच. ग्रुपवर वाहवा झाली. "मामा, लगेच उघडले हो!" महिनाभराने अल्बमवाल्याने १२ बाय १८ इंची फोटो करायला घेतला. त्याला छपाईसाठी लांब बाजूला ५४०० पिक्सेल हवे होते. होते ६४०. ताणून ताणून नवरीचा चेहरा न्हाणीतल्या टाइल्ससारखा दिसायला लागला. फोटोग्राफरने कार्ड कधीच पुसून पुढच्या लग्नाला नेलं होतं.

तांदळाची परत साळ होत नाही, हे मामांनी गिरणीच्या गावात जन्म काढून मामींकडून ऐकलं. अजून ऐकतात, विशेषतः भाची माहेरपणाला आली की.

तेव्हापासून मामांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक फोल्डरच्या पोटात 'बारीक' नावाचं एक फोल्डर असतं. तुम्हीही घोटीला उतरलात तर फोटो घेऊन जरूर या, मामा पैसे घेत नाहीत. फक्त मूळ प्रत घरी ठेवून या. मामी दारातच विचारतात.