पर्वतीची क्षेत्रभेट

पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याची एकदिवसीय देवदर्शन-सहल, म्हणजे निकालाच्या आदल्या आठवड्यात अकस्मात उफाळून येणारी धर्मनिष्ठा, बहुधा सारसबागेतील तळ्यातल्या गणपतीपासून सुरू होऊन पर्वतीच्या माथ्यावर पोहोचते. नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिराकडे १०३ पायऱ्या जातात; पैकी निम्म्या चढताच लिफ्टला सरावलेला भक्त कठड्याला टेकतो आणि त्या धापेला निसर्गनिरीक्षण असे संबोधतो. देवापुढे अर्धे मिनिट पुरते, कारण मागणे एटीकेटीपुरतेच, म्हणजे राहिलेले विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीपुरतेच, असते; तटावर मात्र तास सहज जातो. पानिपतच्या धक्क्यानंतर १७६१ साली नानासाहेबांनी याच टेकडीवर देह ठेवला आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने येथूनच, सुरक्षित अंतरावरून, पाहिली. बाजीरावाने निदान तोंड तरी लढाईकडे केले होते. विद्यार्थी साऱ्या शहराकडे पाठ फिरवून उभा राहतो, कारण त्याशिवाय ते सेल्फीत मावत नाही. भेळ खाऊन परतल्यावर हीच सहल प्रकल्पवहीत ‘क्षेत्रभेट’ म्हणून नोंदवली जाते, आणि तिचे गुण नवसापेक्षा भरवशाने मिळतात.