सर्व्हरवाले भाऊ

रत्नागिरीत आंब्याचा दलाल, बोटीवरचा तांडेल आणि सर्व्हरवाला या तिघांना "कधी होईल?" असं सरळ विचारू नये. पहिला आकाशाकडे बघतो, दुसरा पाण्याकडे. तिसरा तुमच्याकडेच बघतो, आणि बिघाड तुम्हीच केलात हे त्या नजरेतच कळतं.

या तिसऱ्याला गावात आडनाव नसतं. तो नुसता 'भाऊ'. मारुती मंदिरापासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीपर्यंत जिथे म्हणून एखादं खोकं कोपऱ्यात घुरघुरत असेल, तिथे भाऊंची पायधूळ झडलेली असते. स्कूटरच्या डिकीत क्रिम्पिंग टूल, केबलचे तुकडे, गेल्या वर्षीचा रेनकोट आणि कुणाची तरी हार्डडिस्क. कुणाची, ते भाऊंनाही आठवत नाही. पण परत द्यायची आहे एवढं नक्की.

आल्याआल्या भाऊ मशीनकडे जात नाहीत. आधी साक्षीपुरावे. "हात कोणी लावला?" कोणीच लावलेला नसतो. भाऊ मान हलवतात. त्यांच्या अनुभवात आजवर रत्नागिरी जिल्ह्यात एकाही सर्व्हरला कोणीही हात लावलेला नाही.

एका पतसंस्थेचं प्रकरण सांगतो. शाखा लांजा, राजापूर, संगमेश्वर, वर दापोलीपर्यंत. कुठली लाइन चालू, कुठली बंद हे मुख्य कचेरीत दिसावं म्हणून भाऊंनी एका जुन्या विंडोज मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून आत लिनक्स उभं केलं आणि त्यात कॅक्टी बसवलं. दर पाच मिनिटांनी ते प्रत्येक शाखेच्या राउटरची विचारपूस करणार, आकडा लिहून ठेवणार आणि त्याचा आलेख काढणार. सॉफ्टवेअर फुकट, मशीन अडगळीतलं. संचालक मंडळाने ठराव एकमताने मंजूर केला.

पाऊस सुरू झाला आणि आलेखाला भोकं पडायला लागली. मॅनेजर म्हणाले, "भाऊ, डेटा गेला."

"गेला म्हणू नका," भाऊ म्हणाले. "माणसं जातात. डेटा एकतर पुसला जातो, नाहीतर लिहिलाच जात नाही. दोन्हीत फरक आहे."

मॅनेजरांना त्यात दिलासा वाटला नाही. कॉम्प्युटर शिकलेला एक तरुण कारकून पुढे सरसावला. "भाऊ, मे महिन्यात स्नॅपशॉट घेतलेला आहे. तोच परत लावूया."

"लाव. जूनपासूनचं जे काय शिल्लक आहे तेही पुसलं जाईल. मशीन मे महिन्यात जाऊन उभं राहील, मग बस तिथे हापूस खात." स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणारा माणूस भाऊंच्या मनातून जो उतरतो, तो परत चढत नाही.

मग भाऊंनी लॉग उघडला. भाऊ लॉग ज्या सुरात वाचतात, त्या सुरात आमच्याकडे फक्त कोर्टाची नोटीस वाचतात. "इल्लीगल अटेम्प्ट टू अपडेट..." एवढं कानावर पडलं आणि मॅनेजर उठून केबिनचं दार लावून आले. ऑडिट महिन्यावर आलं होतं.

तसं काही नव्हतं. कॅक्टीचे आकडे ज्या आरआरडी फाइलमध्ये जातात तिचा एक नियम आहे: शेवटच्या नोंदीच्या आधीची वेळ लावून कोणी नवी नोंद आणली, तर ती घेत नाही. टोबियास ओटिकर नावाच्या स्विस माणसाने आरआरडीटूल 1999 साली बाहेर काढलं, आणि स्विस माणसाकडून वेळेच्या बाबतीत सवलतीची अपेक्षा नव्हतीच. प्रश्न एवढाच, की पुढची वेळ आधीच लिहून कोणी ठेवली होती?

भाऊंनी भोकं मोजली. लहानमोठी नव्हेत, प्रत्येक भोक साडेपाच तासांचं. आणि प्रत्येकाच्या आधी वीज गेलेली.

"हे ग्रीनिच आणि आपल्यातलं भांडण आहे," भाऊ म्हणाले, आणि चहा मागवला. विंडोजच्या आत बसलेल्या पाहुण्या मशीनचं घड्याळ विंडोजकडून भारतीय वेळ घेत होतं. लिनक्सला वाटे, ही ग्रीनिचची वेळ. म्हणून ते त्यात आपले साडेपाच तास आणखी मिळवी. एरवी इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होई. पण वीज आली की मशीन लगेच उठे आणि फायबर मागाहून जागं होई. तेवढ्यात एकदोन नोंदी साडेपाच तास पुढच्या वेळेने पडत. मग घड्याळ ताळ्यावर येई, आणि आरआरडी पुढचे साडेपाच तास खरी नोंद दारातून परत पाठवी. सकाळी अकराला वीज आली, तर साडेचारपर्यंत सगळ्या शाखा अंधारात.

उपाय म्हणजे सेटिंगमधली एक टिक: हार्डवेअर क्लॉक यूटीसीमध्ये. शिवाय वेळ जुळल्याशिवाय मोजणी सुरू करू नये, अशी एक ओळ. एका टिकेसाठी भाऊ दोन दिवस बसले होते, हे मॅनेजरांना पटेना. भाऊ म्हणाले, "टिक फुकट. कुठे करायची, त्याचे पैसे."

जाताजाता मॅनेजरांनी विचारलं, गेल्या गणपतीत राजापूरची लाइन पाऊण तास बंद होती, तेवढं काढून द्या, कंपनीशी भांडायचंय. भाऊ हसले. आरआरडीची फाइल वाढत नाही. जुने आकडे अर्ध्या तासाच्या, दोन तासांच्या, शेवटी अख्ख्या दिवसाच्या सरासरीत विरघळवत जाते. वर्षापूर्वीचा पाऊण तास दिवसाच्या सरासरीत कुठून सापडणार? "तेव्हाच छापून ठेवायचं होतं," एवढं बोलून भाऊंनी स्कूटरला किक मारली.

मॅनेजरांच्या मते डेटा गेला तो गेलाच. भाऊंच्या मते तो लिहिलाच गेला नाही. माझं मत भाऊंच्या बाजूने आहे, कारण उद्या माझाही राउटर बिघडेल. खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्याचा विषय संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत आहे. मागच्या सभेतही होता.