मित्रपक्षाशी लढावे कसे? नवशिक्यांसाठी नाशिकची सोपी पद्धत

पूर्वतयारी : मुंबईत एकत्र नांदणारे सरकार, 122 जागांची महापालिका आणि प्रत्येक जागेवर तिकिटासाठी फ्लेक्स लावून बसलेले इच्छुक.

1. युतीची बोलणी लांबवा. "वरिष्ठ निर्णय घेतील" हे वाक्य अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरते. तोवर सगळ्या जागांसाठी मुलाखती उरकून घ्या. युती झाली तर भाव वाढवायला, नाही झाली तर लढायला यादी तयार!

2. एबी फॉर्म शेवटच्या रात्रीपर्यंत दाबून ठेवा. ए फॉर्मवर सहीचा अधिकार कोणाला ते असते, बी फॉर्मवर उमेदवाराचे नाव. दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला नाही, तर वीस वर्षांची निष्ठा अपक्ष होते. उशिरा वाटप केले की नाराजाला दुसरे दार शोधायला वेळ मिळत नाही. मित्रपक्ष मात्र कोरा फॉर्म घेऊन जागाच असतो, हे लक्षात ठेवा.

3. भांडणाला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणा. टीका शहराध्यक्षांवर करावी, मंत्रिमंडळावर नको. 2017 साली शिवसेनेचे मंत्री राजीनामे खिशात घेऊन फिरत होते, तर मुख्यमंत्री फडणवीस नाशिक दत्तक घेत होते. भाजपला 66 जागा मिळाल्या, शिवसेनेला 35. राजीनामे खिशातच राहिले, सरकारने मुदत पूर्ण केली.

4. दोघांनी मिळून तिसऱ्याला गाठा. हा पुढच्या इयत्तेचा धडा. 15 जानेवारी 2026 च्या मतदानात भाजप एकीकडे, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी दुसरीकडे. भाजप 72, शिवसेना 26, राष्ट्रवादी 4. बहुमताला 62 पुरतात, त्यामुळे पालिकेत मित्रांची गरज उरली नाही. मंत्रालयात मात्र सगळे पूर्ववत.

5. पालकमंत्रिपदाला जपून हात लावा. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर असताना तर फारच जपून. जानेवारी 2025 मध्ये नाशिकच्या पालकमंत्रिपदी भाजपचे मंत्री गिरीश महाजनांचे नाव जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी स्थगितीही आली. पालिकेत मतदार निकाल लावतो. इथे निकाल लावणारे आणि परीक्षेला बसणारे तेच असतात.

हमखास विचारली जाणारी शंका : या परीक्षेत नापास कोण होते?

बेरीज करून पाहा. 2017 मध्ये राज्यातल्या सत्ताधाऱ्यांनी आपसात लढून 122 पैकी 101 जागा घेतल्या, 2026 मध्ये 102. खुर्ची त्यांची आणि विरोधी बाकांवरची मोठी जागाही त्यांचीच. मधल्या काळात, मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे, नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकांकडे होता. म्हणजे पाणी आले नाही तर ओरडायचे कोणाकडे, हा प्रश्न सिडकोत, सातपूरला, पंचवटीत सारखाच. मैत्रीपूर्ण लढतीत दोन्ही मित्र पास होतात, हरतो तो विरोधी पक्ष.

मतदारांसाठी सूचना : बहुतेक प्रभागांत तुमच्या हाती चार मते असतात. दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, "तुमच्याच सरकारने नाशिकचा निधी अडवला, तर सभागृहात उभे राहून बोलाल का?" उत्तर मिळाल्याशिवाय पत्रक हातात घेऊ नका.